मांजराची 'जात' कोण ठरवतं? ब्रीड क्लबचं काम आणि आपली डांगी गाय



मागच्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात पाळीव प्राण्यांवर गप्पा चालू होत्या. एका मुलीच्या वडिलांनी नाशिकहून लांब केसांचं पांढरं पिल्लू आणलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, आमची मांजर पर्शियन आहे, जातिवंत. याची नुसती गावठी आहे." ज्याच्याकडे बोट दाखवलं तो मुलगा खाली बघत बसला. त्याच्या घरची मांजर भात-नागलीच्या कणगीभोवतीचे उंदीर पकडते, तिच्यावर घराचं धान्य टिकतं. पण 'जातिवंत' या एका शब्दापुढे त्याला काही बोलता येईना.

मला तो शब्द खटकला. आपल्या भाषेत प्राण्यांच्या ब्रीडलाही 'जात' म्हणतात आणि माणसांच्या बाबतीतही तोच शब्द वापरतात. मुलांच्या मनात दोन्हींची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ब्रीड म्हणजे काय आणि ते कोण ठरवतं, हे आधी नीट वाचून काढलं. तेच इथे मांडते.

ब्रीड म्हणजे काय?

पर्शियन, सयामी किंवा आपली गावठी, सगळी पाळीव मांजरं एकाच प्रजातीची आहेत. माणसाने ठरावीक गुणांची नर-मादी निवडून पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या, की तेच गुण पिल्लांत हमखास उतरू लागतात. अशा गटाला ब्रीड म्हणतात. म्हणजे ब्रीड ही माणसाच्या निवडीतून तयार होते.

गंमत बघा, 'बॉम्बे' नावाची मांजराची एक ब्रीड आहे. तिचा आपल्या मुंबईशी काही संबंध नाही! अमेरिकेतल्या केंटकी राज्यात निकी हॉर्नर या बाईंनी १९५० च्या दशकात बर्मीज मांजर आणि काळी अमेरिकन शॉर्टहेअर यांचा संकर सुरू केला. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसणारी छोटी मांजर त्यांना हवी होती, म्हणून नाव दिलं बॉम्बे.

ब्रीड क्लब नेमकं काय करतो?

मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन वीअर यांनी भरवलं. पुढे एकेका ब्रीडचे क्लब निघाले. इंग्लंडचा सयामी मांजरांचा क्लब १९०१ चा आहे. अशा क्लबांची कामं साधारण अशी असतात :

१. मानक ठरवणं. डोकं, कान, डोळे, केस, रंग, बांधा कसा असावा, याचं लेखी वर्णन करतात. प्रदर्शनात परीक्षक त्यावरूनच गुण देतात.

२. वंशावळ सांभाळणं. पिल्लाचे आईबाप, आजा-आजी, पणजोबा यांची नोंद ठेवतात. मुख्य नोंदवही बहुधा मोठ्या संस्थेकडे असते. अमेरिकेत १९०६ पासून कॅट फॅन्सियर्स असोसिएशन हे काम करते. क्लब त्या संस्थेला आपल्या ब्रीडबद्दल सल्ला देतो.

३. आरोग्य बघणं. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची जनुकीय चाचणी आता करता येते. चाचणी करूनच जोडी लावा, असा चांगल्या क्लबचा आग्रह असतो.

४. निराधार मांजरांना घर शोधणं. मालक वारला किंवा सांभाळू शकला नाही, तर अनेक क्लब त्या मांजरासाठी दुसरं घर बघतात.

नोंदवहीला किती किंमत असते, याचं एक उदाहरण सांगते. आजच्या बर्मीज मांजरांची मूळ मादी वाँग माऊ. ती १९३० मध्ये अमेरिकेत आली. तिच्यासारखा जोडीदार तिथे नव्हता म्हणून सयामी बोक्याशी जोडी लावली. पुढेही सयामीशी संकर चालूच राहिला, तेव्हा १९४७ मध्ये संस्थेने बर्मीजची नोंदणीच थांबवली. पाळणाऱ्यांनी अनेक वर्षं काटेकोर जोड्या लावून दाखवल्या, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

हौस वाढली की प्राण्याचे हाल

याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची सुझी नावाची मांजर सापडली. दिसायला गोड, म्हणून तिच्यापासून स्कॉटिश फोल्ड ही ब्रीड तयार केली. पण कान दुमडणारं जनुकच शरीरातली कूर्चा बिघडवतं, सांधे दुखतात. म्हणून ब्रिटनच्या मुख्य मांजर संस्थेने १९७० च्या दशकात तिची नोंदणी बंद केली. दुसऱ्या काही देशांत मात्र ती अजून पाळली जाते. म्हणजे कागदावर 'शुद्ध' लिहिलं म्हणून प्राणी सुखी असतोच असं नाही. चार-दोन प्राण्यांतच जोड्या लावत राहिलं, की दोषही घट्ट बसतात. त्या मानाने आपल्या गावठी मांजरीत रक्ताची विविधता जास्त असते.

आपल्या दारातली ब्रीड

मग मी मुलांना विचारलं, "आपल्या पेठमध्ये नोंद झालेली ब्रीड आहे का?" सगळे गप्प. मी म्हटलं, "गोठ्यात बघा की!"

डांगी गाय-बैल! गुजरातमधला डांग आणि आपल्याकडचे पेठ, सुरगाणा, इगतपुरी, अकोले हा तिचा मुलूख. कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो-धो पावसात ही जनावरं टिकतात. खूर काळे आणि टणक असतात, भाताच्या चिखलात बैल दिवसभर चालतो. रंगावरून पारा, बाहळा, मणेरी अशी नावं आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे डांगी ही स्वतंत्र ब्रीड म्हणून नोंदलेली आहे. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, घोटीचा बैलबाजार तर सगळ्यांना माहीत आहे. तिथे जाणकार माणूस खूर, कातडी, रंग बघून जनावर पारखतो. मांजरांच्या प्रदर्शनातला परीक्षक हेच करतो.

कमी आहे ती नोंदवहीची. घरोघरी लेखी वंशावळ नाही. वळू कोणता लागला हे लिहून ठेवत नाहीत, संकर वाढला आहे, ट्रॅक्टर आल्यावर बैलही कमी झाले. माहिती आहे ती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

वर्गातला उपक्रम

मुलांना सांगितलं, घरच्या एका जनावराची वंशावळ आजी-आजोबांना विचारून लिहा : नाव, रंग, आई, आईची आई, कुठून आणलं. दोन दिवसांनी वह्या आल्या. खाली बघत बसलेल्या त्या मुलाच्या वहीत गायीच्या चार पिढ्या नावानिशी होत्या. आजोबांनी तोंडपाठ सांगितल्या होत्या! पर्शियनवाल्या मुलीच्या वहीत मात्र दोनच ओळी. तिच्या वडिलांनी विक्रेत्याकडे आईबापाची माहिती मागितली, ती मिळालीच नाही. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अगं, कागद नसला म्हणून तुझी मांजर कमी होत नाही. आणि याची गावठी म्हणून तीही कमी नाही." मग दोघांनी मिळून फळ्यावर आपापल्या मांजरीचं वर्णन लिहिलं.

शेवटी एक गोष्ट वर्गात स्पष्ट सांगितली. ब्रीड प्राण्यांची असते आणि ती माणूस बनवतो. माणसांत ब्रीड नसते, आपण सगळे एकच. कोणी जन्माने उंच नाही की खालचा नाही.

पालकांना एक विनंती. पिल्लू विकत आणायचंच असेल तर आईला बघा, लसीकरण आणि आजारांची चौकशी करा, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. ती माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही.

आपल्या शाळेत हा उपक्रम करून बघितलात तर मुलांनी काय लिहिलं ते नक्की कळवा.