वृद्धांचे स्वावलंबन आणि वाड्यातील शेजार

वार्धक्य हा विषय व्याख्यानमालांतून बहुधा दोन प्रकारे मांडला जातो. मुलांनी आईबापांना कसे वागवावे हा एक प्रकार, आणि वृद्धांनी मन प्रसन्न कसे ठेवावे हा दुसरा. दोन्ही विषय चांगलेच आहेत. परंतु आज आम्हांला तिसराच विषय मांडावयाचा आहे, आणि तो पुष्कळ साधा आहे. ज्याची मुले पोटापाण्यासाठी परगावी गेली आहेत, ज्याचे हातपाय अजून चालतात पण पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि ज्याला आपली खोली सोडून कोठेही जावयाचे नाही, अशा माणसाच्या घरी पाणी कोणी भरावयाचे, जिन्यावर दिवा कोणी लावावयाचा आणि सकाळी त्याचे दार उघडले की नाही हे कोणी पाहावयाचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

धरणगावासारख्या गावाला हा प्रश्न परका नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग आपल्या गावावरून जातो. या मार्गाने खानदेशातील तरुण माणसे सुरतेकडे गेली, तशीच दुसऱ्या वाटांनी नाशिक-पुण्याकडेही गेली. त्यांनी जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण साऱ्या देशात शंभरांत साडेआठांच्या आसपास होते. महाराष्ट्रात ते शंभरांत जवळजवळ दहा भरले. म्हणजे दर दहा माणसांत एक माणूस साठीपलीकडचा. यांपैकी बहुतेक मुलाबाळांत राहतात. जे राहत नाहीत, त्यांतले कितीतरी जुन्या वाड्यांत, चाळींत किंवा अलीकडच्या सहकारी सोसायट्यांत, म्हणजे अनेक बिऱ्हाडांच्या सामायिक घरांत राहतात. जिना एक, चौक एक, नळ एक आणि दरवाजाही एक. अशा घराची अडचण हीच की ज्या वस्तू सर्वांच्या असतात त्यांची काळजी बहुधा कोणीच घेत नाही. पण अशा घराची सोयही तीच आहे, हे पुढे दिसेल.

प्रथम स्वावलंबन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे समजूत अशी की जो कोणाची मदत घेत नाही तो स्वावलंबी. ज्याने मदत घेतली तो परावलंबी झाला. या समजुतीने वृद्धांचे मोठे नुकसान केले आहे. वैद्यकशास्त्राने या बाबतीत अधिक बारीक विचार केला आहे. अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली रोजच्या जगण्यातील सहा मूलभूत क्रियांची यादी प्रसिद्ध केली : अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे. पुढे १९६९ साली लॉटन व ब्रॉडी या दोघांनी दुसरी यादी केली. तीत आठ कामे आहेत : दूरध्वनी वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घराची झाडलोट, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचा व्यवहार.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट चटकन लक्षात येते. सर्वसाधारणपणे दुसऱ्या यादीतील कामे माणसाच्या हातून आधी सुटतात, पहिल्या यादीतील क्रिया पुष्कळ उशिरा. बाजारातून पिशवी आणवत नाही, पण स्वतःची अंघोळ स्वतः करता येते, अशी मधली वर्षे अनेकांच्या वाट्याला येतात. या मधल्या काळात माणसाला आश्रमाची गरज नसते. त्याला चार कामांत हात हवा असतो. तो हात मिळाला नाही म्हणजे घरचे लोक म्हणतात, "आता तुम्हांला एकटे ठेवून चालायचे नाही." मग गावातली खोली बंद होते, आणि ज्याने पन्नास वर्षे एका गल्लीत काढली तो माणूस परक्या शहरात पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. पाण्याचे चार हंडे वेळेवर भरले गेले नाहीत म्हणून त्याचे गाव सुटले, असे हिशेब मांडला तर निघते.

तेव्हा कोणती मदत लागते ते एकेक पाहू. आपल्याकडे पहिला मान पाण्याला द्यावा लागेल. ज्या गावात नळ रोज येत नाही तेथे पाणी साठवावे लागते, आणि भरलेला हंडा उचलणे हे सत्तरीच्या माणसाचे काम नव्हे. खानदेशचा उन्हाळा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर नेतो. म्हातारपणी तहान लागल्याची जाणीव मंदावते, आणि पाणी आणण्याचे कष्ट असले की माणूस ते पुरवून पुरवून पितो. उष्माघाताला हे आमंत्रणच आहे. नळ येईल त्या वेळी वृद्धांच्या खोल्यांतील पिंपे व माठ भरून देणे ही वैशाख-ज्येष्ठात प्राणरक्षणाची सेवा आहे.

दुसरी गोष्ट जिना. पासष्टी उलटलेल्या माणसांपैकी सुमारे तिसरा हिस्सा दर वर्षी एकदा तरी पडतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या वाड्यांचे जिने उभे व अंधारे, उंबरे उंच आणि मोरीचा दगड गुळगुळीत. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे हिंडणेफिरणे कायमचे आखडते. यावर उपाय खर्चाचे नाहीत. जिन्यावर रात्रभर जळणारा छोटा दिवा, भिंतीला दोन्ही बाजूंनी धरावयास कठडा, मोरीत व शौचकूपात लोखंडी दांडी, पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा. गवंडी व सुतार यांचे हे एक-दोन दिवसांचे काम आहे. भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे तेथे घरमालकाला पाणी, वीज, जिन्यावरील व बोळातील दिवे, स्वच्छता या आवश्यक सोयी सबळ कारणावाचून तोडता येत नाहीत. म्हणजे जिन्यावरचा दिवा ही कायद्याने मानलेली गरज आहे.

तिसरी गोष्ट जेवण आणि औषध. एकट्या माणसाचा स्वयंपाक हळूहळू चहा-बिस्किटांवर येतो. एक वेळचा डबा ठरवून दिला तरी प्रकृतीत फरक पडतो. औषधांच्या बाबतीत आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी दर रविवारी कोणी भरून दिली, तर रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाणे किंवा मुळीच न घेतली जाणे हे टळते.

चौथी गोष्ट पैसे आणि कागदपत्रे. सत्तर वर्षांवरील व अपंग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला पोस्टमनकरवी घरबसल्या काढता येतो. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे आयुष्मान संरक्षण ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले झाले. सोयी आहेत, पण त्या कागदावरून खोलीपर्यंत आणणारा माणूस नसतो. अर्ज भरून देणारा एक मॅट्रिक झालेला मुलगा या कामी पुरेसा आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. रोज सकाळी ठरलेल्या वेळी कोणीतरी दारावर येऊन, "आजी, उठलात का?" एवढे विचारणे. रात्री पडलेला माणूस दुपारपर्यंत तसाच पडून राहिला, अशी बातमी अधूनमधून कानी येते. ती सकाळच्या एका हाकेने टळू शकते.

आता कोणी म्हणेल, हे सर्व शेजारधर्मात येतेच. त्याला व्यवस्था कशाला हवी? शेजारधर्म मोठा आहे यात शंका नाही. पण तो मर्जीवर चालतो. शेजारीण माहेरी गेली की तो खंडतो. भांडण झाले की तुटतो. शिवाय रोज उपकार घेणे मानी माणसाला जड जाते, आणि मग तो मागणेच सोडून देतो. जी मदत ठरलेली, ठरलेल्या वेळेची आणि थोडा तरी मोबदला देऊन घेतलेली असते, ती घेताना मान खाली घालावी लागत नाही. येथे सामायिक घराची सोय उपयोगी पडते. समजा, एका वाड्यात व लगतच्या दोन वाड्यांत मिळून आठ वृद्ध बिऱ्हाडे आहेत. प्रत्येकाने स्वतंत्र बाई ठेवायची म्हटले तर परवडणार नाही. परंतु आठांनी मिळून एक बाई सकाळी तीन तास ठेवली, तर पगाराचा आठवा हिस्सा प्रत्येकावर येतो, आणि पाणी, झाडलोट, औषधाची आठवण व सकाळची हाक एवढी कामे एका फेरीत होतात. एक दार सोडून दुसरे दार इतके जवळ असणे, हेच या घरांचे भांडवल आहे.

हा प्रयोग जगात इतरत्र झालेला आहे, आणि त्याचे गुणदोषही दिसून आलेले आहेत. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर वृद्धांसाठी लहान लहान घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येकाची खोली व किल्ली स्वतंत्र. वसाहतीत एक निवासी व्यवस्थापिका, आणि खोलीत ओढताच तिच्याकडे घंटा वाजावी अशी दोरी. २००३ साली सरकारने 'सपोर्टिंग पीपल' नावाची योजना काढून अशा मदतीसाठी राखीव निधी दिला. २००९ साली त्या निधीचे राखीवपण गेले. त्या सुमारास अनेक स्थानिक संस्थांनी काटकसरीसाठी निवासी व्यवस्थापिका काढून फिरते मदतनीस नेमावयास घेतले. बार्नेट व पोर्टस्मथ येथील वृद्ध रहिवासी न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. यातून घ्यावयाचा धडा असा की दोरी आणि घंटा यांवर वृद्धांचा भरवसा नव्हता. घंटा ऐकून येणाऱ्या ओळखीच्या माणसावर होता. डेन्मार्कने आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे १९८७ च्या कायद्यानंतर जुन्या धर्तीची नवी शुश्रूषागृहे बांधणे थांबले. वृद्धाला सोयीचे घर द्यावे आणि मदत त्या घरी न्यावी, असे धोरण ठरले.

याचा अर्थ आश्रम नकोत, असा कोणी करू नये. पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेली संस्था आज 'निवारा' या नावाने वृद्धांना आसरा देत आहे. राज्य शासनाने १९९५ पासून 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना काढली. जळगावजवळ केशवस्मृती प्रतिष्ठानचा मातोश्री आनंदाश्रम आहे. ज्याच्या पहिल्या यादीतील क्रियाही थांबल्या, किंवा ज्याला खरोखर कोणीच नाही, त्याला अशा संस्था आधार देतात. आमचे म्हणणे इतकेच की आश्रम ही शेवटची पायरी असावी. मधल्या पायऱ्या बांधल्याच नाहीत, तर माणूस घरातून थेट तेथे जाऊन पडतो.

एका धोक्याची सूचना येथे दिली पाहिजे. मदत करणाऱ्याच्या हाती घराची किल्ली, पासबुक आणि कोऱ्या कागदावर अंगठा जाऊ लागला, की मदतीचा ताबा होतो. हा ताबा परक्याचा असतो तसा कधी पोटच्या मुलाचाही असतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यासाठीच झाला. त्याखाली साठ वर्षांवरील माणसाला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. माझी देखभाल करावी अशा अटीवर घर बक्षीस दिले आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. परंतु अट नसताना नुसत्या विश्वासावर दिलेल्या घराला हे कलम लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात म्हटले आहे. म्हणून अट तोंडी ठेवू नये, दस्तात लिहून घ्यावी. अडचणीच्या वेळी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनाशुल्क दूरध्वनी आहे.

शेवटी, आपल्या गावापुरते काय करता येईल? फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा गल्लीतील चार कर्ती माणसे यांपैकी कोणीही आरंभ करू शकेल. पहिल्या आठवड्यात गल्लीतील एकट्या वृद्धांची नावे लिहावीत, आणि प्रत्येकाला विचारावे, "तुमच्या हातून कोणते काम आता होत नाही?" त्याच्या मुलाला विचारू नये, त्यालाच विचारावे. दुसऱ्या आठवड्यात जिन्यावरचे दिवे लावावेत. तिसऱ्यात एक बाई व एक मुलगा नेमून त्यांच्या कामाची वेळ व मोबदला ठरवावा, आणि हिशेबाची वही वृद्धांपैकीच एकाच्या हाती द्यावी. ज्यांना वाटणी देणे शक्य नाही त्यांची वाटणी परगावच्या मुलांकडून अथवा गल्लीच्या वर्गणीतून भरावी. पण कोणाची कोठून भरली हे वहीबाहेर बोलू नये. उन्हाळा डोक्यावर आहे. आरंभ पाण्याच्या पिंपांपासून करावा हे उत्तम.