जुन्या सी-क्लॅम्पचे संकलन व दुरुस्ती

सी-क्लॅम्प हे दोन किंवा अधिक वस्तू एकमेकींवर घट्ट दाबून धरण्याचे हातअवजार आहे. त्याची चौकट इंग्रजी 'सी' अक्षरासारखी दिसते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये यालाच 'जी-क्लॅम्प' म्हणतात. भारतात दोन्ही नावे रूढ आहेत. 'शिकंजा' हे अशा पकडणाऱ्या साधनांचे सर्वसाधारण नाव होय. सुतारकाम, लोहारकाम, जोडकाम आणि लाकडी होड्यांची बांधणी यांत त्याचा वापर होतो.

वापरातून गेलेले क्लॅम्प जुन्या बाजारातून विकत घेणे, ते दुरुस्त करणे आणि त्यांचा संग्रह करणे हा अवजारांच्या जतनाचा एक भाग आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात या कामाचे स्वरूप बदलते. तेथे वरचा गंज उतरवणे पुरेसे ठरत नाही. गंजात मुरलेले मीठ काढावे लागते. ते राहिल्यास चकचकीत केलेला क्लॅम्पही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजतो.

रचना व कार्य

सी-क्लॅम्पचे चार मुख्य भाग असतात: चौकट, आटे पाडलेला स्क्रू, स्क्रू फिरवण्याची आडवी दांडी आणि स्क्रूच्या टोकावरील फिरती चकती. चौकटीच्या एका टोकाला सपाट, स्थिर जबडा असतो, तर दुसऱ्या टोकातील आटेदार छिद्रातून स्क्रू पुढेमागे सरकतो. चकती स्क्रूच्या गोलाकार टोकावर सैल बसवलेली असते. त्यामुळे स्क्रू फिरला तरी ती कामावर फिरत नाही आणि लाकडाचा पृष्ठभाग खरवडला जात नाही. क्लॅम्पचे माप दोन अंतरांनी सांगतात: जबडा व चकती यांमधील जास्तीत जास्त रुंदी आणि स्क्रूपासून चौकटीच्या पाठीपर्यंतची खोली.

हाताच्या थोड्या जोरातून मोठा दाब निर्माण होणे हे या अवजाराचे सामर्थ्य होय. दांडीचे टोक मध्यापासून ७५ मिलिमीटरवर असेल, तर एका फेऱ्यात ते सुमारे ४७१ मिलिमीटर फिरते. आट्यांमधील अंतर ३ मिलिमीटर असल्यास त्याच फेऱ्यात स्क्रू केवळ ३ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे घर्षण नसते तर जोर सुमारे १५७ पट वाढला असता. प्रत्यक्षात बराचसा जोर घर्षणात खर्च होतो. पाचवा भाग उपयोगी पडला असे धरले, तरी १० किलोग्रॅमच्या जोरातून ३०० किलोग्रॅमच्या आसपास दाब मिळतो. हेच घर्षण स्क्रूला आपोआप सैल होऊ देत नाही. गंजलेल्या आट्यांत मात्र घर्षण इतके वाढते की हात थकतो, पण दाब मिळत नाही.

इतिहास

धातूचे स्क्रू स्वस्त होण्यापूर्वी लाकडी स्क्रूचे शिकंजे, दोर आणि पाचर यांवर काम भागत असे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे कापणारे अचूक लेथ विकसित केले आणि एकसारखे आटे पाडणे सोपे झाले. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने ५५ अंश कोनाच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. पुढे शेफील्डसारख्या शहरांतील कारखान्यांतून बिडाचे व घडीव पोलादाचे क्लॅम्प मोठ्या संख्येने बनू लागले. स्वातंत्र्योत्तर भारतात जालंधर व लुधियाना ही हातअवजारांच्या उत्पादनाची प्रमुख केंद्रे झाली.

भारतात १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या अवजारांची मापे इंचांत आढळतात आणि त्यांचे आटे आजच्या मिलिमीटरच्या आट्यांशी जुळत नाहीत. जुन्या क्लॅम्पमध्ये नवा स्क्रू बळेच बसवल्यास चौकटीतील आटे कायमचे बिघडतात, म्हणून हा फरक दुरुस्तीत महत्त्वाचा ठरतो.

रायगड किनारा आणि होडीबांधणी

उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारी हा प्रमुख व्यवसाय असून लाकडी होड्यांची बांधणी व डागडुजी ही त्याला जोडलेली कला आहे. होडीची फळी सरळ नसते. ओलावा व उष्णता देऊन ती वाकवावी लागते आणि आतील वक्र लाकडांना भिडवून, खिळा ठोकेपर्यंत तशीच धरून ठेवावी लागते. पूर्वी हे काम दोर, टेकू आणि पाचरींनी होई. लोखंडी क्लॅम्पमुळे एकटा कारागीरही फळी धरून ठेवू शकतो. क्लॅम्प आणि फळी यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे फळीवर वण पडत नाही. शिवाय ओल्या लाकडातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन पडणारे काळे डागही टळतात.

अलीकडे अनेक नव्या होड्या फायबरच्या बनतात. लाकडी बांधणीचे काम घटले की तिची अवजारे वापरातून बाहेर पडतात आणि वजनावर भंगारात जातात. भंगाराच्या तराजूवर क्लॅम्पची किंमत फक्त लोखंडाची असते. तो कोणत्या बंदरावर, कोणत्या कामासाठी वापरला गेला ही माहिती तेथेच संपते.

खरेदी व परीक्षा

गावोगावच्या भंगार दुकानांखेरीज मुंबईचा चोर बाजार, जहाजतोडणीसाठी ओळखला जाणारा दारूखाना परिसर आणि पुण्याचा जुना बाजार ही अशा वस्तू मिळण्याची परिचित ठिकाणे होत. खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासल्या जातात:

• चौकटीला, विशेषतः आतील वळणावर व आटेदार भागाजवळ, तडा आहे का. चौकट दोरीने टांगून हलकेच ठोकल्यास अखंड पोलाद सहसा स्वच्छ नाद देते. तडा गेलेल्या चौकटीचा आवाज बसका येतो. बिडाचा नाद मुळातच मंद असल्याने केवळ या परीक्षेवर विसंबता येत नाही.
• स्क्रू वाकलेला आहे का. फिरवताना चकती गोल डुलत असल्यास स्क्रू वाकला आहे असे समजावे.
• आट्यांचे माथे धारदार व पातळ झाले आहेत का. असे आटे झिजलेले असून जास्त दाबाखाली निसटू शकतात.
• स्क्रू पूर्ण आवळल्यावर चकती जबड्यासमोर नेमकी येते का. न आल्यास चौकट फाकलेली असते.

दांडी वाकलेली असणे किंवा चकती हरवलेली असणे हे दोष दुरुस्त होऊ शकतात. चौकटीचा तडा हा वेगळा प्रश्न आहे. साधे बीड ठिसूळ असते. ते वाकत नाही, एकदम तुटते. डाग देऊन जोडलेली बिडाची चौकट संग्रहात शोभते, परंतु तिच्यावर पुन्हा पूर्ण दाब देणे धोक्याचे असते.

क्लॅम्पवरील अक्षरे त्याचा काळ ठरवण्यास मदत करतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणून तिच्या आद्याक्षरांचा मूळ ठसा असलेले अवजार त्यापूर्वीचे मानता येते. जुन्या कागदावर 'कुलाबा' असा उल्लेख असल्यास तो मुंबईतील कुलाब्याचा की जिल्ह्याचा, हे पाहावे लागते. कारण आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. सरकारी किंवा रेल्वेचा ठसा असलेली वस्तू घेताना विक्रेत्याकडून पावती घेणे इष्ट असते.

खाऱ्या हवेतील गंज

लोखंड, ऑक्सिजन व पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. समुद्राच्या तुषारांतून येणारे क्लोराइड क्षार ही क्रिया वेगाने पुढे नेतात. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतील पाणी शोषून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरू लागते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेची आर्द्रता दीर्घकाळ ७५ टक्क्यांच्या वर असते. परिणामी खारावलेला गंज कोरडा दिसला तरी आतून ओला राहतो आणि त्याखालील धातू पोखरला जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्याने तो आट्यांच्या फटीत फुगतो आणि स्क्रू जखडतो.

घासून काढलेल्या लोखंडावर काही दिवसांत तपकिरी थेंब किंवा बारीक फोड दिसू लागणे, हे आत क्लोराइड शिल्लक असल्याचे लक्षण होय.

दुरुस्तीचे टप्पे

नोंद. प्रथम क्लॅम्पचे छायाचित्र, मापे, ठसे, रंगाचे अवशेष आणि खरेदीचे ठिकाण नोंदवले जाते. साफसफाईत हा पुरावा नष्ट होण्याचा संभव असतो.

स्क्रू मोकळा करणे. जखडलेल्या आट्यांत पातळ, झिरपणारे तेल सोडून ते एक-दोन दिवस मुरू देतात. त्यानंतर चौकटीवर लाकडी हातोड्याने हलके ठोके देत स्क्रू थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवतात. दांडीवर लांब नळी चढवून जोर लावल्यास दांडी किंवा स्क्रू तुटण्याची शक्यता असते.

गंज काढणे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढल्यावर दोन पद्धती वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात वस्तू काही तास बुडवतात आणि अधूनमधून तपासतात. जास्त वेळ ठेवल्यास आम्ल चांगले लोखंडही खाते. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल निष्प्रभ करतात. दुसरी पद्धत विद्युत विघटनाची आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात क्लॅम्प १२ व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या ऋण टोकाला आणि साध्या पोलादाचा पत्रा धन टोकाला जोडतात. या पद्धतीत चांगल्या धातूची हानी होत नाही आणि क्लोराइडही काही प्रमाणात बाहेर पडते. मात्र त्यात ज्वलनशील हायड्रोजन वायू निर्माण होतो. त्यामुळे हे काम उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावे लागते. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावल्यास क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात, तर सोड्याऐवजी मीठ वापरल्यास क्लोरीन वायू निघतो. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळल्या जातात.

मीठ धुणे. किनाऱ्यावर हा टप्पा निर्णायक असतो. क्लॅम्प गरम गोड्या पाण्यात किंवा सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून पाणी वारंवार बदलतात. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते, म्हणून शेवटची धुलाई ऊर्ध्वपातित पाण्याने करणे योग्य. या शेवटच्या पाण्याचा नमुना नायट्रिक आम्लाने आम्लयुक्त करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यास मीठ उरले आहे की नाही ते कळते: पाणी पांढरट गढूळ झाले तर धुणे पुढे चालू ठेवावे लागते. ही परीक्षा शालेय प्रयोगशाळेतही करता येते. त्यानंतर वस्तू ताबडतोब आणि पूर्णपणे, सौम्य उष्णतेवर वाळवतात.

संरक्षक लेप. चौकटीवर रंग, जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ थर किंवा मेण लावतात. आट्यांना ग्रीस देतात. खोबरेल तेल सुकत नाही आणि धूळ धरते, म्हणून ते चौकटीच्या कायम लेपासाठी उपयोगी नाही. उरलेल्या पातळ गंजावर टॅनिनचे द्रावण लावल्यास काळसर लोह-टॅनेटचा स्थिर थर बनतो. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असते. कोळी लोक पूर्वी सुताची जाळी टिकाऊ करण्यासाठी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवत, त्यामागेही टॅनिनचाच गुण होता. मात्र मीठ न धुता वरून लेप दिल्यास त्याखाली गंज चालूच राहतो.

सुरक्षितता

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या रंगांवर हा निर्बंध नव्हता. म्हणून जुना रंग कोरडा घासत नाहीत किंवा जाळत नाहीत. तो ओला करून काढतात आणि मुखपट्टी वापरतात. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवल्यास अपायकारक धूर निघतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गुंडाळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावी लागतात किंवा पाण्यात बुडवून ठेवावी लागतात.

जतनाची मर्यादा

क्लॅम्प किती साफ करावा याविषयी दोन दृष्टिकोन आहेत. कामासाठी घेतलेल्या क्लॅम्पमध्ये आटे, चकती व चौकट सक्षम असणे महत्त्वाचे असते. गरजेनुसार भाग बदलणे त्यात गैर मानले जात नाही. संग्रहासाठी घेतलेल्या क्लॅम्पमध्ये मूळ रंग, कारखान्याचा ठसा, मालकाने कानशीने केलेली खूण, अगदी एखाद्या गावच्या लोहाराने बसवलेली नवी दांडी हाही इतिहासाचा भाग असतो. ग्राइंडरने सगळा पृष्ठभाग चकचकीत केला, तर तो इतिहास परत मिळवता येत नाही. त्यामुळे पुढे उलटवता येईल तेवढाच बदल करणे आणि नव्याने बसवलेला भाग नोंदीत स्पष्ट लिहिणे ही सर्वमान्य रीत आहे.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे आणि कुलुपे पाहिली असता रोजच्या वापरातील वस्तूही समाजाच्या इतिहासाचे साधन ठरतात हे लक्षात येते. होडीबांधणीच्या अवजारांनाही तेच लागू पडते. मीठ धुऊन, ग्रीस देऊन, कोठून आला याच्या चिठ्ठीसह ठेवलेला क्लॅम्प पुन्हा फळी धरू शकतो, आणि ती फळी पूर्वी कशी धरली जात असे हेही सांगू शकतो.