दिवाणखान्यात शेती करावी का?

गेल्या वैशाखात आमच्या घरात एक मोठा खल झाला. मुलीचे लग्न ठरायचे नव्हते, जागेचा व्यवहार नव्हता, की कुणाच्या परदेशगमनाचा बेत नव्हता. प्रश्न एवढाच होता की, पार्ल्याच्या आमच्या सातव्या मजल्यावरील दिवाणखान्यात मासे पाळून त्यांच्या पाण्यावर भाजी पिकवावी की नाही! वाचकांना हसू येईल. पण या प्रश्नाने आमचा दीड महिना खाल्ला, आणि त्यात गुंतलेली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

ती गोष्ट म्हणजे आमची आई. तिचे वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन ती पार्ल्यात आली ती तळमजल्याच्या बिऱ्हाडात. मागे परस, परसात विहीर, आणि मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळवाचे दाट बन. कढीलिंब, तगर, गवती चहा आणि तुळस हा तिचा दुसरा संसार. तीन वर्षांपूर्वी पार्ल्यातल्या अनेक इमारतींप्रमाणे आमचीही इमारत पाडली गेली आणि नव्या इमारतीत आम्ही सातव्या मजल्यावर आलो. जागा मोठी झाली, उद्वाहन आले, वारा आला. आई मात्र हळूहळू गप्प होत गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “आजींना काहीही झालेलं नाही. त्यांना काही काम द्या.”

हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी मनावर घेतले. तो अभियंता आहे. त्यामुळे कोणत्याही दुःखावर त्याला एखादे यंत्र सुचते. त्याने सुचविले त्याचे नाव ‘अॅक्वापोनिक्स’. खाली माशांची टाकी, वर खडी भरलेला वाफा, मध्ये छोटा पंप. टाकीतले पाणी वाफ्यात चढते, रोपांच्या मुळांतून झिरपते आणि स्वच्छ होऊन पुन्हा टाकीत उतरते. “आजी, पाणी घालायला नको, खत घालायला नको, तण काढायला नको. एकदा बसवलं की आपलं आपण चालतं!”

त्यातले शास्त्र त्याने समजावून दिले ते असे. मासे जे उत्सर्जन करतात त्यात अमोनिया असतो. तो साठला तर माशांनाच मारक. पण खडीवर दोन प्रकारचे सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशांना विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे तर रोपांचे पक्वान्न! एकाची घाण ते दुसऱ्याचे अन्न. मात्र ही जीवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे आपलं मोरीचं अळूच की रे! आणि विहिरीतले मासे.”

चिरंजीव क्षणभर निरुत्तर झाले. खरेच होते ते. सांडपाण्यावर अळू-केळ लावणे आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत मासे सोडणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जुन्याच. गोव्याच्या खाजण जमिनींत तर शतकानुशतके बांध घालून आणि खाऱ्या पाण्याला दारे बसवून एकाच जागी भातही घेतात आणि मासळीही. अमेरिकेत या विचाराला नवे रूप मिळाले ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने केप कॉड येथे मासे आणि भाजी एकत्र वाढविण्याचे प्रयोग केले. पुढे व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी ते शास्त्र पक्के केले. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरील या शेतीची एक सविस्तर पुस्तिकाच काढली. ती मी चष्मा पुसून पुसून वाचली, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस दुसरे काय करणार?

पहिला हिशेब उत्पन्नाचा. एक चौरस मीटर वाफ्यात पालेभाजीची वीस ते पंचवीस रोपे बसतात. लेट्यूससारखी भाजी लावणीनंतर महिन्याभरात काढणीला येते. म्हणजे आठवड्याला पाच-सहा गड्डे. त्यांना पोसायला माशांना रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य घालावे लागते, आणि मोठे मासे आपल्या वजनाच्या एक-दोन टक्के खातात. तेव्हा मासे हवेत तीन-चार किलो. अर्ध्या किलोचा एक धरला तर सात-आठ नग. भाजीबाजाराला रामराम ठोकण्याची स्वप्ने इथेच विरली.

दुसरा हिशेब वजनाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. फूटभर खोल खडीचा एक चौरस मीटर वाफा पाचशे किलोंच्या घरात जातो. त्याखाली दोन-अडीचशे लिटरची टाकी. सारे मिळून पाऊण टन! दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दहा धट्टीकट्टी माणसे रात्रंदिवस उभी राहिल्यासारखे ते झाले. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापरभार धरून बांधतात. तेवढा भार नुसत्या वीतभर खोल पाण्याचाच होतो. तेव्हा असली टाकी वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याला विचारावे आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. खालच्या बिऱ्हाडकरूंशी वर्षानुवर्षांचे संबंध आहेत. ते छतातून ओले करू नयेत.

तिसरा हिशेब विजेचा. पालेभाजीला ऊन हवे आणि दिवाणखान्यात ऊन कुठले? मग शंभर वॅटचा दिवा रोज चौदा तास. पंप आणि हवा सोडणारे यंत्र मिळून पंचवीस वॅट, तेही अखंड. दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. आपल्या बिलावरचा दर पाहून वाचकांनी गुणाकार करावा. शिवाय वीज गेली की माशांचा श्वास अडतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारे यंत्र हवे. पावसाळ्यात घरातली दमट हवा आणखी दमट होणार, आणि कुठे उघडे पाणी साचून राहिले तर डेंग्यूच्या डासाला आयते बिऱ्हाड मिळणार, ते वेगळेच.

चौथा प्रश्न हिशेबात बसेना. मासे मोठे झाल्यावर त्यांचे करायचे काय? आई कांदासुद्धा चातुर्मासात शिवत नाही. सौ. मात्र माहेरची मालवणची, म्हणून चिरंजीवांनी आशेने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “बाजारातली मासळी मी खुशाल साफ करीन. पण ज्याला रोज सकाळी हाताने खाऊ घातलं, त्याच्यावर सुरी चालवायला मला सांगू नका.”

तरीही माझा निर्णय होत नव्हता. खर्च सोसला असता, परवानगीही मिळविली असती. आईसाठी पाऊण टन काय, दोन टनांचीही सोय तळमजल्यावर कुठेतरी केली असती. निर्णय झाला तो एका साध्या प्रसंगाने.

एका सकाळी आई स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. धुवणाचे पातेले दोन्ही हातांत धरून ती सावकाश बाहेर आली, दिवाणखाना ओलांडून गॅलरीपर्यंत गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि तशीच परत फिरून तिने ते पाणी मोरीत ओतून दिले. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. तीन वर्षांत असे किती वेळा झाले असेल, कोण जाणे! साठ वर्षे धुवणाचे पाणी अळवाला घालणारे हात होते ते. त्यांना आता जागा सापडत नव्हती.

मग माझ्या ध्यानात आले की, चिरंजीवांच्या यंत्राचा जो सर्वांत मोठा गुण, तोच आमच्या घरी सर्वांत मोठा दोष ठरणार होता. पाणी घालायला नको, खत घालायला नको! मग आईने करायचे काय? ते सगळे आपले आपण चालले असते आणि आई पूर्वीसारखीच खुर्चीत बसून राहिली असती, फक्त समोर एक दिवा वाढला असता.

मी चिरंजीवांना म्हणालो, “तुझं यंत्र उत्तम आहे. त्यातला फक्त पंप काढून टाकू. पंपाचं काम आजी करील.”

त्याने आधी कपाळाला हात लावला. मग त्यानेच सगळी जुळवाजुळव केली. साठ लिटरची काचेची टाकी, म्हणजे भरल्यावर साधारण एका माणसाचा भार, भिंतीलगत ठेवली. त्यात गप्पी मासे सोडले. ते खायचे नव्हेत, त्यामुळे सुरीचा प्रश्न मिटला. पूर्वेकडच्या गॅलरीत सहा कुंड्या: तीन अळवाच्या, बाकी पुदिना, गवती चहा आणि तुळस. दर रविवारी टाकीतले चौथा हिस्सा, म्हणजे पंधरा लिटर पाणी बदलायचे. काढलेले पाणी माशांनी खतावलेले असते. ते बादलीत काढून देण्याचे काम नातवाचे, आणि तांब्या-तांब्याने कुंड्यांना घालण्याचे आजीचे. इतर दिवशी तांदळाचे धुवण आहेच.

सुरुवातीला माझ्याच उतावळेपणाने घात केला. नळाचे ताजे पाणी भरून मी त्याच दिवशी मासे सोडले आणि पहिल्या आठवड्यात तीन मासे दगावले. पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यातला क्लोरीन उडू द्यावा, सुरुवातीला दोन-तीनच मासे ठेवावेत, चिमटीहून अधिक खाद्य घालू नये, हे सारे पुस्तिकेत वाचूनही मी विसरलो. आई मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, “माणसालासुद्धा नव्या जागेत रुळायला वेळ लागतो. ते तर मासे.”

हा मार्ग सर्वांनीच धरावा असे मी म्हणणार नाही. ज्यांचे तळमजल्यावर अंगण आहे, ऊन आहे, घरात मासळी चालते आणि रोज पाण्याची परीक्षा करण्याची हौस आहे, त्यांनी पुरी योजना खुशाल करून पाहावी. ज्यांना कामामुळे वेळच नाही, त्यांना पंप वरदानच वाटेल. आमच्यासारख्यांना बादली पुरे. फक्त माशांना औषध घातले असेल तर ते पाणी खाण्याच्या रोपांना घालू नये, एवढे पथ्य पाळावे.

परवा आईने पहिली सात पाने कापली. बेसन, चिंच, गूळ घालून सौ.ने वड्या केल्या. माणशी तीनसुद्धा आल्या नाहीत. जेवताना आई चिरंजीवांना म्हणाली, “रविवारी लवकर ऊठ हो. मागच्या वेळी बादली यायला दहा वाजले. ऊन चढल्यावर पाणी घालत नाहीत.”

तीन वर्षांनी आमच्या घरात कुणीतरी पुन्हा रागावले होते.