जुन्या लोहमार्गाची नवी वाट

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत वाय नांवाची एक लहानशी नदी चुनखडीच्या डोंगरांतून वळणें घेत बेकवेल गांवाकडे वाहते. हिच्या दरींतून सुमारे साडेआठ मैलांचा एक रस्ता गेला आहे. त्यास ‘मॉन्सल ट्रेल’ म्हणतात. ह्या रस्त्यावर मोटारींस मज्जाव आहे. पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि चाकांच्या खुर्चींतून फिरणारे पंगू लोक हेच त्याचे धनी होत. हा रस्ता कसा झाला, तें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

मिडलंड रेल्वे कंपनीनें १८६३ सालीं येथून आगगाडी सुरू केली. त्यासाठीं डोंगर पोखरून बोगदे पाडले व नदीवर पांच कमानींचा उंच पूल बांधला. दरीची शोभा गेली म्हणून जॉन रस्किन ह्या विख्यात ग्रंथकारानें कडक टीका केली. परंतु १९७० सालीं तोच पूल संरक्षित वास्तूंच्या यादींत आला! १९६८ सालीं हा लोहमार्ग बंद पडला. पुढें राष्ट्रीय उद्यानाच्या चालकांनीं ती जागा ताब्यांत घेऊन १९८१ सालीं लोकांस खुली केली.

आगगाडीची वाट चालण्यास इतकी सोयीची कां? जड गाडीस तीव्र चढ चढवत नाहीं, व एकाएकीं वळतांही येत नाहीं. म्हणून स्थापत्यकार उंचवटे खोदतात, खळगे भरतात आणि चढ अगदीं मंद ठेवतात. इंजिनासाठीं केलेली ही सोय पुढें लहान मुलांच्या व वृद्धांच्या पायांस उपयोगी पडते.

तथापि एक उणीव होती. धोका नको म्हणून बोगदे बंद ठेवले होते. तेथें येतांच वाट सोडून अवघड पायवाटेनें वळसा घ्यावा लागे. सायकल किंवा चाकांची खुर्ची तेथें चालत नसे. अखेर २०११ सालीं चार बोगदे दुरुस्त करून, आंत दिवे लावून खुले केले. प्रत्येक बोगदा सुमारे पाव मैलाचा. पण तेवढ्यासाठीं सबंध वाट तीस वर्षें अपुरी राहिली होती!

ह्यावरून दिसून येईल कीं, वाटेचें मोल तिच्या अखंडपणांत आहे. तेथें पुन्हा आगगाडी आणावी, असें म्हणणारेही लोक आहेत. कोणता पक्ष बरोबर, हा निराळा प्रश्न. परंतु जमिनीचा पट्टा सलग राखला म्हणूनच निवडीस अवकाश उरला. तुकडे पडून त्यांवर घरें उठलीं असतीं, तर ना गाडी ना पायवाट.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गांवीं नदीचा कांठ किंवा कालव्याचा बांध असेल, तर एकदां वडील मंडळींसह तो शेवटपर्यंत चालून पाहा. वाट कोठें तुटते, तें ध्यानांत घ्या. मोटारींच्या गर्दींतून मुलांस शाळेंत धाडतांना ज्यांच्या जिवास घोर लागतो, त्या पालकांनींही तें ठिकाण अवश्य पाहावें; कारण काम तेथूनच सुरू व्हावयाचें आहे.