दोन मिती की तीन? संरचनेच्या विरूपणाचा विचार

इमारत, पूल किंवा बोगदा यांवर भार आला की त्यांचा आकार किंचित बदलतो. या बदलास विरूपण म्हणतात. ते किती होईल याचा अंदाज अभियंते संगणकीय प्रतिमानावरून बांधतात. हे प्रतिमान दोन मितींचे असावे की तीन, हा प्रश्न तांत्रिक खरा; परंतु ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या आपल्या पालकांचा व माजी विद्यार्थ्यांचा निवारा त्याच्याशी निगडित आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

१९१६ साली खुला झालेला पारसिकचा रेल्वे बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. आत, जेथे खडक व भार सारखे आहेत, तेथे एक आडवा छेद शेजारच्या छेदासारखाच असतो आणि लांबीच्या दिशेने खडकाला सरकण्यास वाव नसतो. अशा ठिकाणी एका छेदाचे द्विमितीय प्रतिमान पुरेसे होते. बोगद्याच्या तोंडाशी मात्र डोंगर उतरता होतो. तेथे तिसरी मिती वगळता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातही हाच भेद दिसतो. स्तंभांच्या रांगांवरून सरळ जाणारे गजपृष्ठाकार छत एका छेदात समजते. स्तूपामागे ते अर्धवर्तुळात वळते, तेथे छेद अपुरा पडतो.

आता आपल्या इमारती पाहू. तळमजला वाहनांसाठी मोकळा आणि लिफ्टच्या भिंती एका कोपऱ्यात असतील, तर भूकंपात इमारत नुसती डोलत नाही, पिळतेही. सुटी द्विमितीय चौकट हा पीळ दाखवू शकत नाही. परिणामी दूरच्या कोपऱ्यातील खांबांचे विस्थापन कमी भासते. म्हणूनच पीळ ठरावीक मर्यादेपलीकडे जाणाऱ्या इमारतींसाठी आयएस १८९३ या मानकाची २०१६ ची आवृत्ती त्रिमितीय विश्लेषण सांगते. याउलट, तळघरासाठी खोदलेल्या आखूड खड्ड्यात कोपरे भिंतींना आधार देतात. तेथे द्विमितीय गणित बहुधा विस्थापन जास्त दाखवते व खर्च वाढवते.

तथापि तीन मिती म्हणजे सत्य नव्हे. काँक्रीटची ताकद व गंजलेल्या सळया तपासल्याच नाहीत, तर पडद्यावरील रंगीत चित्र फसवेच ठरते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे अनधिकृत इमारत बांधकाम सुरू असतानाच कोसळली आणि ७४ जणांचे प्राण गेले. परवानगी, साहित्य व देखरेख यांची उणीव कोणतेही प्रतिमान भरून काढू शकत नाही.

महापालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तो अहवाल हाती येईल तेव्हा आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मोजमापे प्रत्यक्ष घेतली काय? कोणते प्रतिमान निवडले? आणि तेच का? उत्तर समजेल अशा भाषेत मिळेपर्यंत अहवालावर सही करू नये. त्या आकड्यांच्या आधारे घराघरांतील माणसे निर्धास्त झोपणार असतात.