बदलत्या रेषेचं वाचन

यी चिंग या प्राचीन चिनी कौलग्रंथाला प्रश्न विचारायचा तर आधी काड्या मोजाव्या लागतात. 50 पैकी एक बाजूला ठेवायची, उरलेल्या 49 चे न मोजता दोन ढीग करायचे. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या करंगळीपाशी अडकवून दोन्ही ढीग चार-चारनं मोजायचे आणि शेवटी उरतील त्या काढून टाकायच्या. असं तीनदा केलं की 24, 28, 32 किंवा 36 काड्या राहतात. चारनं भागलं की सहा, सात, आठ किंवा नऊ. ही झाली एक रेषा. सहा रेषांची आकृती खालून वर रचताना हे 18 वेळा करावं लागतं. मी घाई करत नाही. मोजता मोजताच प्रश्न नितळ होत जातो.

सात आणि आठ या स्थिर रेषा. नऊ म्हणजे जून झालेली यांग, ती तुटून यिन होते. सहा म्हणजे जून यिन, ती सांधून यांग होते. या रेषा पालटल्या की शेजारी दुसरी आकृती उभी राहते.

खरी कसोटी इथं लागते. पालटलेल्या रेषा जास्त असल्या की त्यांची वचनं एकमेकांना छेद देतात आणि मन सोयीचं तेवढं उचलतं. बाराव्या शतकात चिनी तत्त्वज्ञ चू शी यांनी यासाठी नियम घालून दिले. एकच रेषा पालटली तर तिचं वचन वाचायचं. दोन असतील तर दोन्ही, पण मान वरचीला. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं. चार किंवा पाच पालटल्या तर दुसऱ्या आकृतीतल्या न बदललेल्या रेषा. मी हाच क्रम पाळते.

तरी नियम पुरत नाहीत. 'त्स्वो च्वान' या प्राचीन चिनी इतिवृत्तात इ.स.पू. 530 मधली नोंद आहे. लू राज्यातल्या नान क्वायनं बंडाचा बेत मनात धरून कौल लावला. खुन् आकृतीची पाचवी रेषा पालटून पी आकृती झाली. वचन पिवळ्या वस्त्राचं, अत्यंत शुभ. त्यानं बेत न सांगता ते लूमधल्याच जफू ह्वेइपो या मंत्र्याला दाखवलं. काम निष्ठेचं असेल तरच हे फळेल, नाहीतर बुडेल, असं ह्वेइपोनं बजावलं. बंड फसलं आणि नान क्वाय परागंदा झाला.

म्हणून काड्या हातात घेण्याआधी प्रश्न कागदावर स्पष्ट लिहा. जो हेतू लिहायला हात कचरतो, त्याचा कौल लावू नका.