गर्दीला डोकं असतं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. दुकानं फुटली, मालही लुटला गेला. पण जमावाचा खरा शोध होता कर्जाच्या कागदांचा. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर ओढून त्यांची होळी केली गेली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचलं. सरकारने नेमलेल्या आयोगाने नंतर नोंदवलं, की जिथे सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले तिथे बहुधा पुढे काही घडलं नाही. माणसांवरचे हल्ले नवल वाटावं इतके कमी होते.

‘गर्दीला डोकं नसतं’ असं आपण सहज बोलून जातो. सुप्याच्या गर्दीला मात्र आपली मान कशात अडकली आहे हे नेमकं ठाऊक होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याची आकारणी वाढली होती आणि कोर्टं अंगठा उठवलेल्या कागदापलीकडे काही पाहत नव्हती. शिवाय हे सगळं एका सकाळी सुचलेलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातलेला होता. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला आणि कागदामागचा मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा कोर्टांना मिळाली. जमावाने बरोबर त्याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

मग गर्दी वेडी असते ही समजूत एवढी घट्ट कशी झाली? तिचं मोठं श्रेय गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाला जातं. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचा उठाव त्याने पाहिला होता, आणि १८९५ मध्ये त्याने गर्दीच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं. गर्दीत शिरलेला माणूस संस्कृतीच्या शिडीवरून कित्येक पायऱ्या खाली घसरतो, असा त्याचा सिद्धान्त. पुस्तक जगभर वाचलं गेलं. गर्दीत कोण होतं, ते कशासाठी आलं होतं, ही चौकशी मात्र त्यात फारशी नव्हती. ती केली इतिहासकार जॉर्ज रुडे याने. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या पोलिसांच्या नोंदी त्याने तपासल्या आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापले. बॅस्टिल घेणारे लोक गुंड-भटके नव्हतेच. बहुतेक सुतार, चांभार, कुलपं करणारे, छोटे दुकानदार होते. ‘समाजकंटकांचा जमाव’ हा शब्दप्रयोग वापरणाऱ्यांनी रुडे जरूर वाचावा.

आता ‘सगळे एकदम पेटले’ या दुसऱ्या समजुतीकडे वळू. १९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला. चौकात शंभर माणसं उभी आहेत. प्रत्येकाचा उंबरठा वेगळा आहे. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड उचलतो. दुसऱ्याला आधी एक जण पुढे झालेला दिसावा लागतो, तिसऱ्याला दोन, आणि शेवटच्याला नव्व्याण्णव. पहिल्याने दगड मारताच शंभरही जण दंगलीत उतरतात. आता यात एकच बदल करा. एक जण पुढे झालेला पाहून जो सरसावणार होता, त्याला आता दोन जण दिसायला हवेत. पहिला दगड मारतो, दुसरा थबकतो, आणि दंगल एका माणसावर संपते. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या मनात काडीचाही फरक नाही. तरी दुसऱ्या दिवशी एका गावाबद्दल ‘दंगल उसळली’ अशी बातमी येईल आणि दुसऱ्याबद्दल ‘एका माथेफिरूने काच फोडली’. क्रांत्या भल्याभल्यांना बेसावध गाठतात, त्याचं एक कारण या हिशेबात आहे. उंबरठे डोळ्यांना दिसत नाहीत.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: लोक घाबरून सैरावैरा पळतात आणि म्हणून मरतात. इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा शहाणी निघते. ‘स्टँपीड’ हा शब्द उधळलेल्या गुराढोरांचा; ‘चेंगराचेंगरी’त पळण्याचा मागमूस नाही, आहे तो दाब. आणि माणसं मरतात ती दाबानेच. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात जण कोंबले गेले की हातपाय आपले राहत नाहीत. गर्दीतून पाण्यासारख्या लाटा जातात आणि माणूस त्यांच्याबरोबर ढकलला जातो. छातीचा भाता फुलायला जागा उरत नाही. कित्येक जण उभ्या उभ्या गुदमरतात. पळायला जागा असती तर ते वाचले असते.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीच्या वेळी २३ जण गेले. ‘फूल पडलं’ हे कुणीतरी ‘पूल पडला’ असं ऐकलं आणि घबराट झाली, ही कहाणी तेव्हा खूप गाजली. कहाणी चटकदार आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहावं. कारण तो जिना अरुंद होता, अचानक कोसळलेल्या पावसामुळे लोक आडोशाला तिथेच थांबले होते, आणि गाड्यांमधून उतरणारे प्रवासी मागून भर घालत होते. गिरण्या जाऊन तिथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. पूल जुनाच राहिला. काही महिन्यांत लष्कराने तिथे नवा पूल उभारला. दोष मनाचा असता तर पूल बांधून काय साधलं असतं?

इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर दारुड्या प्रेक्षकांवर खापर फोडलं गेलं. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. प्रेक्षकांचा दोष नव्हता, असं ज्यूरीने सांगायला २०१६ उजाडलं.

आणि घबराटीचं काय? लंडनच्या भुयारी रेल्वेत ७ जुलै २००५ ला बॉम्बस्फोट झाले. अंधारात, धुरात अडकलेल्यांच्या हकिगती मानसशास्त्रज्ञ जॉन ड्र्युरी आणि सहकाऱ्यांनी गोळा केल्या. त्यांत तुडवातुडवी शोधूनच काढावी लागते. अनोळखी लोकांनी एकमेकांना धीर दिल्याचे, पाणी दिल्याचे प्रसंग मात्र भरपूर आहेत.

अफवेने जमाव भडकतच नाही, असा याचा अर्थ नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी एकाच दिवशी दोन जमाव दिसले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेनेही तो पुढे स्वीकारला होता, पण तिथलं चवदार तळं त्यांना बंदच होतं. डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग महाडच्या परिषदेला जमलेले हजारो लोक शिस्तीत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी आवई उठली आणि सवर्णांचा जमाव परिषदेच्या लोकांवर तुटून पडला. आवई खोटी होती, पण ती हवेतून आलेली नव्हती. ऐकणाऱ्यांच्या मनात जी भीती आणि जो मालकीहक्क आधीच बसला होता, त्यालाच तिने हाक दिली. मार खाल्लेले लोक संख्येने कमी नव्हते. उलटून हात उचलू नका, हा नेत्याचा शब्द त्यांनी पाळला. डोकं फिरवणारी जादू गर्दीतच असती, तर ती दोन्ही जमावांवर सारखी चालायला हवी होती.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी रोज मुक्कामी पोचते तेव्हा समाजआरतीला तळावर अफाट जनसमुदाय असतो. दिवसभर चाललेला टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि सगळं शांत होतं. हरवलं-सापडलं, उद्या किती वाजता निघायचं, हे तिथेच सांगितलं जातं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती त्या शांततेत आपले टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते विचारतात, आणि त्यानंतरच आरती होते.